हातात देऊ नये

आमच्या कुत्र्याला पदवी आहे. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय, की इंग्लंडातल्या आमच्या रीडिंग गावच्या गणपतीत मी जेवणाच्या रांगेत उभी राहिले की माझ्या पुढचे-मागचे एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागतात. बरं, पदवीही एक नाही. एक आज्ञापालनाची आणि एक शिकारीची. शिकार म्हटलं की आपली माणसं दचकतात, म्हणून लगेच खुलासा करते. आमचा कुत्रा म्हणजे दहा वर्षांचा काळा लॅब्रॅडोर, आणि त्याने आयुष्यात कशाचा फडशा पाडला असेल तर तो शेजारच्या बाईंच्या वाढदिवसाच्या केकचा.

तो आला लेकीच्या हट्टापायी. "आय विल डू एव्हरीथिंग, आई, प्रॉमिस," असं म्हणून तिने तो आणवला, आणि पुढे यथावकाश मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत निघून गेली. आता तिथून फोनवर विचारते, "कुत्रा काय खाल्ली आज?" मराठीचं तिच्या असं आहे, पण चौकशी मनापासूनची असते. नवऱ्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की तो फक्त फोटो काढेल, आणि त्या शब्दाला तो आजतागायत जागला आहे. राहता राहिले मी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि आठवड्यातले बरेच दिवस ते काम मी घरी बसून करते. कुत्र्याला आणि मला एकमेकांशिवाय गत्यंतर नव्हतं. एका शनिवारी मी त्याला घेऊन एका ट्रेनिंग क्लबात गेले, ती अडकलेच.

क्लबची पद्धत साधी आहे. परीक्षेत ठरावीक वेळा पास व्हायचं. त्या प्रत्येक पास होण्याला क्वालिफाइंग स्कोअर म्हणतात. तेवढे झाले की पदवी. पदवी मिळाल्यावर शहाणी माणसं घरी जातात, चहा पितात आणि कुत्र्याला नुसतं फिरायला नेतात. ज्यांना असं स्वस्थ बसवत नाही त्यांच्यासाठी क्लबने जादा स्कोअरची सोय करून ठेवली आहे. दोन्ही बाजूंचे जादा स्कोअर पुरे केले की एक जांभळी रोझेट, म्हणजे रिबिनीचं फूल, मिळते. तिचा जगात कुठेही काहीही उपयोग नाही.

आता, जिने चित्रकलेचा गंध नसताना दहावीला जादा मार्क मिळतात म्हणून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, तिच्यासमोर 'जादा' हा शब्द उच्चारावा का कुणी? माझ्या स्थिरचित्रातला तांब्या बघून चित्रकलेच्या बाईंनी, "वांगं बरं आलंय," असं म्हटलं होतं. तरी मी पास झाले. त्या मार्कांनी पुढे माझं काय भलं झालं ते मला आजही सांगता येणार नाही, पण मिळाले नसते तर मी आयुष्यभर चडफडले असते हे नक्की. आमच्या पेठेत माणूस हुशार आहे की नाही हे त्याला किती मिळाले यावरून ठरत नाही, शेजारणीच्या मुलीपेक्षा किती जास्त मिळाले यावरून ठरतं.

तर त्या उन्हाळ्यात परिस्थिती अशी होती. जांभळ्या रोझेटला एकच स्कोअर कमी पडत होता, शिकारीच्या बाजूचा. व्हेटने कुत्र्याची पुढची कोपरं दाबून बघितली होती आणि सांगितलं होतं की संधिवात आहे, हा सीझन करा, पुढे नको. आणि एप्रिलमध्ये आई आली होती. पुण्याहून, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. पूर्वी ती बाबांबरोबर यायची. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच एकटी आली, आणि विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर येताना पहिलं वाक्य बोलली ते हे: "हे शेवटचं हं. आता नाही झेपत." मी म्हटलं, "बघू गं." आपण असं म्हणतो. पण तिचे पाय मला दिसत होते.

बाबा असताना ती कुत्र्यापासून चार हात लांब असायची. आता मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, नवरा ऑफिसात, आणि खाली घरभर ती आणि तो. दोघांची गट्टी जमली. मला वाटलं, चला, बरं झालं, दोघांचाही वेळ जातो. इथेच तर घोडं पेंड खाणार होतं, पण मला काय माहीत.

शिकारीच्या परीक्षेत काय होतं ते सांगते. लांब कुठेतरी खोट्या बंदुकीचा बार होतो. हिरव्या कॅनव्हासची एक भरीव गुंडाळी हवेत उडते आणि गवतात पडते. तिला डमी म्हणतात. तो पडलेला पक्षी आहे असं सगळ्यांनी मिळून समजायचं. कुत्र्याने हुकूम होईपर्यंत जागचं हलायचं नाही, मग सुटायचं, डमी शोधायची, न चावता आणायची आणि मालकिणीसमोर बसून तिच्या हातात द्यायची. हातातच. जमिनीवर ठेवली की स्कोअर गेला. का, तर पक्षी नुसता जखमी असेल तर पळून जाईल. कॅनव्हासची गुंडाळी कुठे पळून जाणार, असं मी एकदा ट्रेनरबाईंना विचारलं होतं. या बाई सत्तरीच्या, सदोदित हिरव्या गमबुटात. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हटलं, "यू आर व्हेरी लॉजिकल, डिअर." इंग्रज माणूस असं म्हणाला की समजायचं, विषय संपला.

जूनमधल्या परीक्षेत आमचे चिरंजीव अप्रतिम सुटले. गवत कमरेएवढं, पण सरळ डमीवर गेले. झोकात परत आले. मी दोन्ही हात पुढे केले. माझ्यापासून दोन पावलांवर तो थांबला, डमी हलकेच गवतावर ठेवली, एक पाऊल मागे सरला आणि बसला. आणि माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी मोठं बक्षीस द्यायचं विसरलेच आहे.

जजने मान हलवली. गेला स्कोअर.

मला हे नवीन होतं. गेली कित्येक वर्षं तो हातात देत आला होता, म्हणून तर पदवी मिळाली. मग मी माझ्या पेशाला शोभेलसं वागले. एकेक कारण काढत गेले. डमीला वास येत असेल, नवी आणली. माझ्या हातमोज्यांची भीती वाटत असेल, हातमोजे बंद. दात दुखत असेल, व्हेटकडे नेलं. व्हेटने दात बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी उभी कशी राहते याचा नवऱ्याला व्हिडिओ काढायला लावला आणि तो रात्री जेवताना सगळ्यांना बघायला लावला. आई म्हणाली, "पाठीत वाकलीस गं." एवढाच निष्कर्ष निघाला.

आणि एका दुपारी मीटिंग लवकर संपली म्हणून मी चहा करायला खाली आले. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होती. कुत्रा माझा मोजा तोंडात धरून आला. आईने मानही वर केली नाही. "ठेव," म्हणाली. त्याने मोजा तिच्या पायाशी ठेवला, एक पाऊल मागे सरला आणि बसला. "शहाणं माझं ते," असं म्हणून आईने भाकरीचा कडक पापुद्रा मोडला आणि तोही खाली ठेवला. त्याने तो उचलला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. मी जगभर शोधत होते आणि चूक माझ्या ओट्यापाशी कोथिंबीर निवडत बसली होती.

आमच्या घरात मीठ, मिरची, सुई, कात्री कुणी कुणाच्या हातात देत नाही. भांडण होतं. खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. हे बऱ्याच घरांत असतं, पण आईने वर्षानुवर्षं त्या यादीत भर घातली आहे. किल्ल्या आल्या, औषधाची डबी आली, टीव्हीचा रिमोट आला. लग्न होऊन मी या देशात आले, इथल्या ऑफिसात कुणी स्टेपलर पुढे केला की मी टेबलाकडे बोट दाखवायची. माझ्या पहिल्या मॅनेजरला वाटायचं की मी फार सोवळी आहे.

"आई, हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"हे. ठेव म्हणायचं आणि त्याने ठेवायचं."

"आल्यापासून. तुम्ही शिकवलं नव्हतं ना काही. येऊन थेट हातात कोंबायचा. चार दिवसांत शिकला बघ." तिच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "रीतीचा आहे हो तुझा कुत्रा."

"अगं, त्याने मला हातातच द्यायला पाहिजे. परीक्षेचा नियम आहे तो."

"का? तुला वाकता येत नाही?"

"आई."

"मेलेला पक्षी हातात द्यायचा? शी. त्यापेक्षा मीठ परवडलं."

"कापडाचा आहे गं तो."

"मग कापडाच्या पक्ष्यासाठी तू एवढी नाचतेस?"

मी आवाज चढवला. उत्तर नसलं की आमच्याकडे हेच करतात. ती शेवटी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "तुझं-माझं रोज होतंच आहे. निदान त्या मुक्या जनावराशी तरी भांडण नको कुणाचं."

मी फर्मान काढलं. आईने कुत्र्याशी ठेव-उचलचा खेळ खेळायचा नाही. आईने ते अक्षरशः पाळलं. तो बिचारा एकामागून एक वस्तू आणून तिच्या पायाशी मांडत राहिला. मोजे, चपला, नवऱ्याचा चष्म्याचा डबा, एकदा तर सोलायचा बटाटा. ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. बाहेर बघण्यासारखं आमच्याकडे काही नाही, शेजाऱ्यांचे तीन रंगांचे कचऱ्याचे डबे आहेत. संध्याकाळपर्यंत तिच्या खुर्चीभोवती जुना बाजार भरलेला असायचा. दोघांचे चेहरे बघवेनात. आठवडा संपायच्या आत मी फर्मान मागे घेतलं, आणि माझा मोठेपणा म्हणून घेतलं असं भासवलं.

मग मधला मार्ग काढला. सकाळी आई आंघोळीला गेली की मी त्याला मागच्या बागेत न्यायची आणि हातात द्यायला शिकवायची. माझ्याजवळ तो नीट द्यायचा. आई नजरेस पडली की खाली ठेवायचा. म्हणजे त्याने आपलं आपण ठरवून टाकलं होतं, म्हातारीसमोर घरची रीत आणि माझ्यासमोर साहेबाची. आपल्याकडची माणसं परदेशात पन्नास वर्षं काढून हेच करतात, त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही. मला एवढंच बघायचं होतं की परीक्षेच्या दिवशी आई घरी राहील.

ऑगस्टच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "उद्या मी येते. एवढं काय असतं ते बघू तरी. पुन्हा कधी बघणार?"

आता याला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

गावाबाहेर एका मोठ्या फार्मवर परीक्षा होती. तळं, पलीकडे झाडी, आणि अलीकडे कुरणावर मळखाऊ रंगाच्या जाकिटांतली माणसं. आईने सुती साडी नेसली होती, वर लेकीचं युनिव्हर्सिटीचं हूडी, पायात नवऱ्याचे गमबूट. मी तिला लांब, दोरीपलीकडे, घडीच्या खुर्चीवर बसवलं. थर्मास दिला. दम दिला: "एक अक्षर बोलायचं नाही." तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ट्रेनरबाईंनी येऊन तिला नमस्कार केला. मी त्यांना नमस्कार करायला कधी शिकवलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघून छान हसल्या आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती, की आज माझं काही खरं नाही.

आमचा नंबर आला. बार झाला. डमी तळ्याच्या पलीकडच्या काठावर पडली. कुत्रा पुतळ्यासारखा बसून राहिला. मी हुकूम दिला, आणि तो पाण्यात शिरला. दुखरी कोपरं घेऊन सरळ पोहत गेला, पलीकडे चढला, डमी उचलली, पुन्हा पाण्यात उतरला. मनातल्या मनात मी जांभळी रोझेट हॉलमध्ये कुठे लावायची तेही ठरवलं. मराठी मंडळातल्या कुणाकुणाला सहज म्हणून घरी बोलवायचं याचीही यादी तयार होती.

तो बाहेर आला, अंग झटकलं, माझ्या दिशेने धावत निघाला. मी हात पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बाजूने, अगदी माझ्या गुडघ्याला चाटून, तो पुढे गेला. दोरीखालून वाकून पलीकडे गेला. आईच्या खुर्चीसमोर डमी ठेवली, एक पाऊल मागे सरला आणि बसला.

मी अजून हात पुढे करूनच उभी होते.

कुरणावर हशा पिकला. जज चांगला माणूस होता. तो चालत माझ्याजवळ आला आणि म्हणाला की एवढी सुंदर अदब त्याने कुत्र्यात पाहिली नाही, फक्त बाई चुकली. आई लांबून मला हाताने खुणा करत होती: मी बोलले नाही, तोंडसुद्धा उघडलं नाही. हे खरंच होतं. पण माझ्या डोक्यात राख गेली होती. मोटरवेला लागल्यावर म्हटलं, "तू घरी थांबली असतीस तर आज मिळालं असतं."

आईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "आता पुढच्या वेळी मी नसणारच आहे. मिळेल तुला."

मागच्या सीटवर कुत्रा ओला होऊन पसरला होता. गाडीभर त्याचा वास. मी पुढचा सगळा रस्ता उगाच लेन बदलत राहिले.

सप्टेंबर भराभर गेला. आई जायच्या आधी घरात जी धांदल असते ती सुरू झाली. मेतकूट, भाजणी, चटण्या, सगळे डबे भरून झाले. हे सगळं इथल्या दुकानांत मिळतं हे तिला मान्य नाही. निघायच्या आदल्या दिवशी लिंबाचं लोणचं घालायचं ठरलं. तिच्या हातांना आता कालवायला जोर पुरत नाही, म्हणून ती खुर्चीवर बसून सांगणार आणि मी ओट्यापाशी उभी राहून करणार. फोडी झाल्या, तिखट झालं, गूळ झाला. कुत्रा टेबलाखाली काहीतरी पडेल या आशेवर बसून होता.

"मीठ दे," मी म्हटलं, आणि मिठाची बरणी ती ओट्यावर ठेवेल म्हणून थांबले. जन्मभर थांबत आलेय तशी.

बरणी ओट्यावर आली नाही. वळून बघितलं तर आईने ती माझ्यापुढे धरली होती.

"ठेव की."

"घे."

"अगं, खाली ठेव ना."

"हातात घे."

"भांडण होईल," मी म्हटलं. मला वाटलं, वयाने विसरली.

"होऊ दे," ती म्हणाली. "भांडायला तरी फोन करशील. एरवी आपलं रविवारचं तेच. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवते. परीक्षेला तोंडी उत्तरं देतात तसं. आजवर भांडण नको नको करत जपलं. आता तिथे घरात बोलायला कोण आहे? तुझे बाबा होते तेव्हा त्यांच्याशी तरी होत होतं."

मला रडू आलं. तिलाही आलं, पण तिने बरणी काही खाली केली नाही. मी घेतली. तिच्या हातातून माझ्या हातात. टेबलाखालून कुत्र्याने मान बाहेर काढून हे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो धक्का होता तो मी शपथेवर सांगायला तयार आहे. नवरा म्हणतो, त्याला लोणच्याचा वास आला असेल. नवऱ्याला फक्त फोटो काढता येतात.

दुसऱ्या दिवशी निघताना आईने दारात कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येते रे." जाते म्हणत नाहीत आपल्यात. तो तिच्यामागे गाडीपर्यंत आला. मी त्याला घरी ठेवून हीथ्रोला गेले. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला आई हिंदीत त्याची मुलंबाळं विचारत आत गेली. मागे वळून बघितलं नाही तिने. बघितलं असतं तर दोघींचं कठीण झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये सीझनची शेवटची परीक्षा होती. पावसाची भुरभुर होती, कुरणात चिखल. गाडीतून सामान काढताना माझ्या लक्षात आलं की घडीची खुर्ची तशीच डिकीत आहे. मी ती बाहेर काढली, मग पुन्हा आत ठेवली. ट्रेनरबाईंनी विचारलं, "अँड युअर मदर?" मी म्हटलं, घरी गेली. "अ पिटी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर थोपटलं.

बार झाला. या वेळी डमी झुडपात पडली होती. कुत्रा गेला. आता तो आधीसारखा सुसाट जात नाही, बेताबेताने जातो. शोधायला वेळ लागला. तोंडात घेऊन तो परत निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. दोरीपलीकडे बघितलं. तिथे तीन-चार छत्र्या होत्या, माणसं होती. त्याने डावीकडून उजवीकडे सगळी बघितली. मला कळलं तो काय शोधतोय. जजला कळलं नाही, तो आपला गुण देत उभा. मी हाक मारू शकत होते, नियमात बसतं ते. नाही मारली. बघू दे म्हटलं त्याला.

मग तो माझ्याकडे आला. समोर बसला. मान वर केली. मी हात पुढे केले आणि त्याने डमी माझ्या हातात दिली.

जजने मान डोलावली. मिळाला स्कोअर. छत्र्यांखालून टाळ्या वाजल्या. या क्षणाची मी इतकी तालीम केली होती, सहज हसून "ओह, थँक यू" कसं म्हणायचं तेसुद्धा आरशात करून बघितलं होतं. प्रत्यक्षात मी ती ओली, लाळेने बरबटलेली गुंडाळी छातीशी धरून हमसून रडले. इंग्रज माणसांची अशा वेळी फार पंचाईत होते. एकाने घाईघाईने खिशातून काढून मला बिस्किट दिलं. ते कुत्र्याचं होतं. मी थँक यू म्हणून हातात घेतलं आणि ज्याचं त्याला देऊन टाकलं.

जांभळी रोझेट गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून मी आईला फोन लावला. पुण्यात चहाची वेळ होती. मागे भांडी वाजत होती.

"मिळालं, आई."

"हातात दिलं का?"

"हातात दिलं."

"बरं झालं हो. बिचारा." मग हळूच, "मला शोधलं का?"

"शोधलं."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. आता दोघींचंही रडं सुरू होणार आणि एक शब्द फुटणार नाही अशी मला भीती वाटली. तेवढ्यात ती म्हणाली, "लोणचं मुरलं का?"

"माहीत नाही. फ्रीजमध्ये आहे."

"फ्रीजमध्ये?" आवाज एकदम चढला. "कुणी सांगितलं फ्रीजमध्ये ठेवायला? उन्हात ठेवायला सांगितलं होतं ना खिडकीपाशी."

"आई, ऑक्टोबर आहे. इथे ऊन कुठलं आणू?"

"तुझ्या मैत्रिणींची मुरतात ती कशी? तुला पहिल्यापासून सांगितलेलं ऐकायचंच नाही."

"तूच गूळ कमी घालायला सांगितलास, नाहीतर कधीच मुरलं असतं."

"मी? मी कमी सांगितला?"

असं ते सुरू झालं. लोणच्यावरून गुळावर, गुळावरून माझ्या दहावीच्या सुट्टीवर, तिथून आत्याच्या लग्नातल्या कुठल्यातरी भगोण्यावर. गाडीच्या काचा आतून वाफेने भरून गेल्या. बाहेर माणसं तंबू आवरून निघून गेली. कुत्रा मागे घोरत होता. आम्ही किती वेळ भांडलो कुणास ठाऊक, शेवटी माझ्याच फोनची बॅटरी लाल झाली तेव्हा मी म्हटलं, "आई, ठेवते आता."

"ठेव," ती म्हणाली. "पण उद्या परत कर. माझं बोलून संपलेलं नाही."